जिंकला म्हणजे बरोबर का?

‘रुरोनी केनशिन’ बघितलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात भारी लढत कुठली? उत्तर ठरलेलं असतं: केनशिन आणि शिशिओ. अंगभर पट्ट्या गुंडाळलेला, तलवारीतून आग काढणारा शिशिओ आणि समोर रक्तबंबाळ केनशिन. आमच्या मंडळातही हेच मत आहे आणि ते चांगल्या मोठ्या आवाजात मांडलं जातं. मला ते पटत नाही. त्या लढतीच्या थोडंच आधी, शिशिओच्या त्याच अड्ड्यात, आणखी एक लढत होऊन जाते. केनशिन विरुद्ध सोजिरो. माझ्या मते क्योतोची सगळी गोष्ट तिथंच संपते. शिशिओ म्हणजे नंतरची आतषबाजी. डोळे दिपतात, पण हाताला काही लागत नाही.

ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नोबुहिरो वात्सुकी यांची ही मांगा १९९४ ते १९९९ या काळात ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात येत होती. तिचे २८ खंड झाले. टीव्हीवरची ॲनिमे १९९६ मध्ये सुरू झाली. २०२३ पासून तीच गोष्ट नव्यानं काढून पुन्हा दाखवली गेली, म्हणून माझ्या वयाच्या मुलामुलींना ती आत्ताची वाटते. काळ १८७८ चा, मेइजी राजवटीचं अकरावं वर्ष. शोगुनांची सत्ता जाऊन दहा वर्षं झालीत. १८७६ च्या हुकुमानं तलवार बाळगायला बंदी आलीय. अशा वेळी हिमुरा केनशिन नावाचा एक ठेंगणा, तांबड्या केसांचा माणूस कमरेला तलवार लावून तोक्योत हिंडतोय. क्रांतीच्या दिवसांत त्यानं क्योतोच्या गल्ल्यांतून माणसं मारली, इतकी की ‘हितोकिरी’ म्हणजे माणसं कापणारा हीच त्याची ओळख झाली. ज्यांच्यासाठी मारली ते आता सरकारात बसलेत. याला मात्र काही नको. शपथ एकच, यापुढे जीव घ्यायचा नाही. त्याच्या ‘साकाबातो’ची धार उलट्या बाजूला आहे, त्यामुळे वार बसला तर हाड मोडतं, माणूस कापला जात नाही. (लोखंडाची एवढी पट्टी डोक्यात बसल्यावर माणूस कसा काय जगतो, असं विचारायचं नाही. मालिकेत कुणी विचारत नाही.)

पुढं सगळं उघड करून सांगितलंय. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी बघून या, मग भांडायला या.

तलवारीच्या लढतीबद्दल एक गोष्ट आधी मान्य करू. खरी लढत लांबत नाही. कुरोसावांच्या ‘संजुरो’ (१९६२) या चित्रपटाच्या शेवटी दोन तलवारबाज समोरासमोर नुसते उभे राहतात. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही, आणि मग एकाच वारात सगळं आटोपतं. ॲनिमेत याच्या अगदी उलट. पोटात तलवार घुसलेला माणूस पाच मिनिटं बोलतो, वार करण्याआधी त्या वाराचं नाव ओरडून सांगतो, आणि तलवार हवेत असतानाच त्याचं बालपण सुरू होतं. याला एक व्यवहारी कारणही आहे. साप्ताहिकात दर आठवड्याला जेमतेम वीसेक पानं मिळतात, आणि पुढच्या आठवड्यात वाचकानं परत यायला हवं असतं. मग लढत ताणावी लागते, आणि ताणायला भूतकाळासारखी सोयीची वस्तू नाही.

तरी मला त्या बोलण्याचा राग येत नाही. दशावतारी नाटक बघत वाढलेल्या माणसाला तो यायचं कारणही नाही. तिथंही राजा आणि राक्षस हातात तलवारी घेऊन आधी एकमेकांना यथेच्छ सुनावतात, तेही उभ्या उभ्या रचून. कोण किती वेळ तलवार फिरवतो हे सकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. कोण काय बोलला, ते राहतं. लढत म्हणजे वाद, फक्त हातात तलवार घेऊन घातलेला. त्यामुळे माझी कसोटी साधी आहे. लढतीच्या मधोमध भूतकाळ दाखवलात, तर त्यानं त्या वादात काहीतरी बदललं पाहिजे. नुसता माझा रुमाल ओला होऊन उपयोग नाही.

आता सोजिरो.

सेता सोजिरो हा शिशिओचा उजवा हात. कोवळा पोरगा, चेहऱ्यावर कायम हसू. माणूस मारतानाही हसू. त्याची खरी ताकद पायांच्या वेगात नाही. त्याला राग येत नाही, भीती वाटत नाही, आनंद होत नाही. केनशिनसारखे तरबेज तलवारबाज समोरच्याच्या मनातला आवेग ओळखून वार कुठून येणार याचा अंदाज बांधतात. सोजिरोत ओळखण्यासारखं काहीच नसतं. पहिल्या भेटीत त्याच्याशी लढताना केनशिनची साकाबातो मोडते. मालिकेतला हा मोठा धक्का, आणि तो देणारा पोरगा छान हसून निघून जातो.

दुसऱ्या भेटीत त्याचा भूतकाळ उलगडतो. तांदळाच्या एका व्यापाऱ्याच्या घरात तो गड्यासारखा राबत असतो. घरातलाच, पण नकोसा. पोती उचलायची, नाही उचलली की मार खायचा. मार खाताना रडलं की मारणारे आणखी चेव येऊन मारतात, हसलं की कंटाळून सोडून देतात, एवढं शहाणपण त्या लहानग्या पोरानं अनुभवानं कमावलेलं असतं. त्याचं हसू तिथून आलेलं. माणसं मारून पळालेल्या, भाजलेल्या शिशिओला तो कोठारात लपवतो, खायला देतो. शिशिओ त्याला जाताना एक छोटी तलवार देतो आणि एक वाक्य: जगात बलवान जगतो, दुबळा मरतो. लपवाछपवी उघडकीस येते, घरचेच त्याच्या जिवावर उठतात, आणि एका पावसाळी रात्री ते पोर त्या सगळ्यांना मारून बाहेर येतं. शिशिओ विचारतो, रडतोयस का? ते हसून नाही म्हणतं. पाऊस एवढा की आपल्यालाही ठरवता येत नाही.

इथपर्यंत ही गोष्ट शंभर मालिकांत सापडेल. दुष्टाचं बालपण वाईट होतं, बिचारा, पुढं चला. इथं मात्र आठवण लढतीच्या आत येऊन लढत फिरवते. सोजिरोचं शस्त्रच भावना नसणं हे होतं. केनशिन समोर उभा राहून सांगतो की दुबळ्यांना वाचवण्यासाठी तलवार धरायची असते, जीव घेण्यासाठी नाही. आणि दहा वर्षांत पहिल्यांदा त्या पोराला राग येतो. तो ओरडतो त्याचा अर्थ असा: तू म्हणतोस ते खरं असेल, तर त्या दिवशी मला वाचवायला कुणी का आलं नाही? तू का आला नाहीस? राग आला, म्हणजे मन उघडं पडलं. मन उघडं पडलं, म्हणजे वार ओळखता येऊ लागले. आठवणीनं त्याचं शस्त्रच काढून घेतलं. फ्लॅशबॅक असा कामाला यावा.

त्याच्या प्रश्नाला केनशिनकडं उत्तर नाही, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. असणार तरी कसं? तो त्या पावसात तिथं नव्हता. लेखकानं नायकाच्या तोंडी एखादं सुंदर वाक्य घालून त्याला सोडवला नाही, याबद्दल त्याला शंभर गुण.

लढत केनशिन जिंकतो. ज्या वारानं जिंकतो त्याचं नाव भलतंच लांबलचक आहे, पण त्यातली गंमत नावात नाही, पायात आहे. म्यानातून तलवार खेचून वार करताना उजवा पाय पुढं असतो. डावा टाकला तर आपल्याच पायावर तलवार यायची भीती. या वारात शेवटच्या क्षणी डावं पाऊल टाकायचं असतं. ते पाऊल मरायला तयार असलेल्या माणसाला जमत नाही, जगायची इच्छा असेल त्यालाच जमतं. केनशिनचा गुरू हिको सेइजुरो त्याला हे शिकवतो तेव्हा मुद्दा तलवारीचा नसतोच. ज्यांना मारलं त्यांच्या ओझ्याखाली केनशिननं स्वतःचा जीव कवडीमोल ठरवलेला असतो. तो जीव मोजायला शिक, हा धडा. एका पावलात एवढं बसवलंय. कराटेच्या वर्गाला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं हे ऐकून मान हलवली आणि पाय कुठं टाकायचा याच्यावरून सर रोज ओरडतात, एवढंच म्हणाली.

लढत संपल्यावर सोजिरो विचारतो: तू जिंकलास, म्हणजे तुझंच बरोबर? केनशिन नाही म्हणतो. जो जिंकेल त्याचं बरोबर असं मानलं, तर मग शिशिओच बरोबर ठरतो. एका-दोन लढतींनी खरं-खोटं ठरत नाही, ते तुझं तुलाच जगून शोधावं लागेल. स्वतः केनशिन दहा वर्षं भटकला, तसा हा पोरगाही भटकायला निघून जातो.

थांबून विचार करा, काय झालं इथं. भाग न् भाग तलवारबाजी दाखवून आपल्याला खिळवून ठेवणारी मालिका, सगळ्यात चांगली लढत जिंकल्यावर नायकाच्या तोंडून सांगते की लढत जिंकून काही सिद्ध होत नाही. स्वतःच्याच पोटावर पाय. माझ्या मते मालिकेचा सगळ्यात उंच क्षण तो.

आणि मग ती शिशिओकडं वळते आणि हे सगळं विसरते.

शिशिओबद्दल माझी तक्रार तो वाईट माणूस आहे ही नाही. उलट खलनायक म्हणून तो अस्सल आहे. केनशिननंतर काळोखातली कामं त्यालाच दिली गेली. काम संपल्यावर ज्यांनी दिली त्यांनीच त्याला मारून जाळायचा प्रयत्न केला, कारण त्याला नको तेवढं माहीत होतं. पण तो याचं रडगाणं गात नाही. मी सूड घ्यायला आलेलो नाही, मला देश घ्यायचाय, असा त्याचा खाक्या. भूतकाळाच्या बदल्यात दया मागत नाही हे त्याच्याबद्दल मला आवडतं. केनशिनला तो विचारू शकला असता असा एक भयंकर प्रश्नही त्याच्याकडं होता: तू आणि मी एकाच मालकाची एकच नोकरी केली, तुझी सुटका झाली आणि मला जाळलं, मग तुझ्या या नव्या काळावर मी का विश्वास ठेवू?

हा प्रश्न लढतीत नीट येतच नाही. येते काय, तर त्याच्या अंगाची उष्णता. भाजल्यामुळे त्याला घाम येत नाही, म्हणून पंधरा मिनिटांच्या वर लढायचं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. घड्याळ पुढं सरकतं. केनशिनचा मोठा वार बसतो, शिशिओ पडतो, उठतो, आणि शेवटी स्वतःच्याच उष्णतेनं पेटून राख होतो. दिसायला जबरदस्त. पण आता शपथेचं बघा. शिशिओ जिवंत राहिला असता तर केनशिननं काय केलं असतं? देश जाळायला निघालेला माणूस, कितीही हाडं मोडली तरी उठणारा. त्याला न मारता कसा थांबवायचा? न मारण्याच्या शपथेची खरी परीक्षा ही होती. पेपर हातात पडायच्या आत लेखकानं वर्गाला आग लावून दिली. केनशिनचे हात स्वच्छ राहिले, कारण मारायचं काम शरीरशास्त्रानं केलं.

आमच्यातला एक शिशिओभक्त म्हणतो, काळानं केनशिनची बाजू घेतली, त्यात काव्य आहे. असेलही. पण काळ जिंकलेल्याच्या बाजूचा, हेच तर शिशिओ म्हणत होता.

आता युमीबद्दल. खरं तर तिच्याचसाठी मी हा लेख लिहायला बसले. कोमागाता युमी शिशिओच्या बरोबर असते, आधीची योशिवाराची गणिका. ती एका खुन्याच्या मागं का गेली? मूळ मांगात तिच्या तोंडी जी हकिगत येते ती कल्पित नाही. १८७२ मध्ये ‘मारिया लुझ’ नावाचं पेरूचं जहाज योकोहामाला आलं. त्यात दोनशेच्या वर चिनी मजूर होते, जवळजवळ गुलामासारखे कोंबलेले. जपानच्या नव्या सरकारनं खटला चालवून त्यांना सोडवलं. तेव्हा जहाजाच्या बाजूच्या वकिलानं विचारलं, तुमच्याच देशात बायका कराराने विकल्या जातात, त्याचं काय? जगासमोर लाज नको म्हणून त्याच वर्षी सरकारनं गणिकांच्या सुटकेचा हुकूम काढला. त्याबरोबरच्या फर्मानात कारण असं दिलं की या बायका माणूसपणाचे हक्क गमावलेल्या आहेत, गुरंघोड्यांसारख्या आहेत, आणि गुराघोड्यांकडं कुणी कर्ज वसूल करत नाही, म्हणून यांचंही कर्ज माफ.

सुटका केली, आणि जनावर म्हणून केली. युमीला हे झोंबलेलं आहे. ज्या काळाला केनशिन ‘नवा काळ’ म्हणून जपतोय, त्या काळानं तिला गाय-घोडा म्हटलंय. तिच्या या थोडक्या ओळींपुढं मला पुष्कळ खलनायकांची भागभर लांबीची बालपणं फिकी वाटतात. तिथं पावसाचा आवाज नाही, व्हायोलिन नाही. एक सरकारी कागद आहे फक्त, पण त्यानं लढतीतली एक बाजू जड होते. केनशिनच्या बाजूचे लोक स्वच्छ नव्हते, हे आपल्याला एका गणिकेकडून कळतं.

आणि मग तिचं काय करतात? ती जखमी शिशिओच्या आडवी येते, लढत थांबवा म्हणून केनशिनला विनवते, आणि शिशिओ तिच्या आरपार तलवार घालून केनशिनला भोसकतो. ती सुखानं मरते, कारण शेवटी लढतीत त्याच्या उपयोगी पडता आलं. केनशिन चिडतो, शिशिओ म्हणतो तिला मी कळलो होतो, तुला काय कळणार. मला दोघांचंही ऐकायचं नव्हतं. मला तिचं पुढचं बोलणं ऐकायचं होतं. सरकारनं जनावर म्हटलं म्हणून ज्याच्याकडं आली, त्यानंही तिला शेवटी म्यानासारखी वापरली. हे तिला दिसलं नसेल? लेखकाला दिसलं असावं असं वाटतं, पण लढतीची घाई होती.

दोन तलवारींच्या मधे बाई. हे या गोष्टीत दुसऱ्यांदा घडतं. पहिल्यांदा घडलं ते मात्र वेगळ्या जातीचं आहे, आणि त्याच्याकडं यायच्या आधी आमच्या आज्जीचा उल्लेख करायला हवा. सुट्टीत मी सोजिरोचा भाग परत बघत होते, आज्जी शेजारी गहू निवडत बसलेली. जपानी तिला कळत नाही. खालच्या इंग्रजी ओळी वाचून मीच सांगत होते. पावसाचा प्रसंग आला आणि मी नेहमीप्रमाणे डोळे पुसले. ‘‘रडूलाईस काय गे?’’ आज्जीनं विचारलं. मग म्हणाली, ‘‘पोराचं वाईटच झालं. पण हा पुढं ज्यास्नी मारत सुटला, त्यांच्या घरात कोण होतं ते कधी दाखवूलेत?’’

दाखवत नाहीत, हे उत्तर. सोजिरोनं मारलेल्या माणसांत एक ओकुबो तोशिमिची आहे. हा खराखुरा मंत्री, १४ मे १८७८ ला तोक्योत त्याची हत्या झाली. इतिहासात ती शिमादा इचिरो आणि त्याच्या साथीदारांनी केली आणि त्यासाठी ते फाशीच्या नाही तर तलवारीच्या शिक्षेनं मेले. मालिकेत ते काम सोजिरोकडं दिलंय. म्हणजे देशाच्या एका मोठ्या मंत्र्याचा खून करून हा पोरगा सत्य शोधायला पायी निघून जातो, आणि आपण हात हलवून निरोप देतो. मीसुद्धा. त्याची लढत मी डोक्यावर घेतली म्हणून हा हिशेब विसरावा असं नाही. भूतकाळ वाटण्यात या मालिका पक्षपाती असतात. देखण्या मारेकऱ्याला दोन भाग मिळतात, मेलेल्या शिपायाला नावही मिळत नाही. आपण मराठी वाचक तर या बाबतीत आधीच हळवे. ‘मृत्युंजय’ वाचून वाढलेल्या घरात कर्णाच्या विरुद्ध बोलायची सोय नसते, आणि अभिमन्यूला घेरणाऱ्यांत कर्णही होता याची आठवण करून दिली की जेवणाच्या ताटावर शांतता पसरते.

आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर १९९९ मध्ये देऊन झालं होतं. ‘त्सुइओकुहेन’ नावाची चार भागांची वेगळी ॲनिमे, दिग्दर्शक टीव्ही मालिकेचेच काझुहिरो फुरुहाशी, संगीत ताकू इवासाकी यांचं. टीव्ही मालिकेतले गोल डोळे, थट्टामस्करी, वारांची आरोळी, सगळं गेलेलं. यात केनशिन जेमतेम पंधरा वर्षांचा, क्योतोत रात्रीची कामं करणारा. तो एका सरकारी माणसाला मारायला जातो. त्या माणसाबरोबर कियोसातो आकिरा नावाचा एक साधा तरुण रक्षक असतो. इतर कुठल्याही मालिकेत हा पहिल्या दोन सेकंदांत मेला असता. हा मरत नाही. पुन्हा पुन्हा उठतो. तलवार नीट धरताही येत नाही त्याला, पण त्याला जगायचंय, त्याचं लग्न ठरलंय. मरता मरता त्याचा एक वार केनशिनच्या डाव्या गालावर लागतो. अजिंक्य मारेकऱ्याच्या अंगावरची ती जखम एका सामान्य माणसाच्या जगायच्या हट्टातून आलेली आहे.

नंतर केनशिनच्या आयुष्यात तोमोए येते. शांत, कमी बोलणारी, अंगाला पांढऱ्या प्लमच्या फुलांचा वास. दोघं ओत्सुजवळच्या खेड्यात नवरा-बायको म्हणून राहतात, भाजी पिकवतात, आणि तो पहिल्यांदाच झोपेत तलवार जवळ न ठेवता झोपायला शिकतो. आपल्याला कळतं, आणि त्याला फार उशिरा तिच्या रोजनिशीतून कळतं, की ती कियोसातोची वाग्दत्त वधू. केनशिनचा घात करायला आलेली होती, आणि आता तिला ते करता येत नाही.

शेवटची लढत बर्फातली. केनशिन ठेचकाळलेला, कान गेलेले, डोळ्यांना धड दिसत नाही. शत्रू तगडा म्हातारा आहे, देखणा नाही, त्याला बालपण नाही. केनशिन शेवटचा वार जवळजवळ आंधळेपणानं करतो, आणि फुलांचा वास येतो. ती मधे आलेली असते. त्याच वारात दोघं. तिच्या हातातल्या खंजिरानं गालावरची दुसरी रेघ उमटते आणि ती फुली पूर्ण होते, जी पुढं सगळ्या मालिकेत आपण नुसती ओळखीची खूण म्हणून बघत आलो.

इथंही बाई दोन तलवारींच्या मधेच मरते, मग मला युमीच्या वेळी राग आणि इथं का नाही? कारण इथं गोष्ट तिची आहे. भूतकाळ तिचा, सूड तिचा, रोजनिशी तिची, आणि मधे येण्याचा निर्णयसुद्धा तिचाच. केनशिनला ती लढत जिंकल्याचं काही मिळत नाही. कुठलाही वाद सुटत नाही. पहिल्या भागात रस्त्यावर पडलेल्या एका बिननावाच्या प्रेताला घर होतं, आणि ते घर उठून त्याच्या दारात आलं, एवढंच होतं. आज्जीला मी हे चार भाग दाखवले. कियोसातो मेल्यावर तिनं गव्हाचं सूप खाली ठेवलं ते संपेपर्यंत उचललं नाही. बोलली काहीच नाही. त्या रात्री जेवण मात्र मलाच वाढावं लागलं.

शिशिओवाल्यांना मी हे तोंडी सांगून बघितलं. ते म्हणतात, तू भावुक आहेस, लढतीतलं तुला कळत नाही. ठीक. मंडळाच्या खोलीतला प्रोजेक्टर चालू स्थितीत आहे, आणि चार भागांना मिळून साधारण दोन तास लागतात. पुढच्या महिन्यातल्या एखाद्या शनिवारी लावू या. आधी सोजिरोची लढत, मग शिशिओची, मग ‘त्सुइओकुहेन’, याच क्रमानं. मधल्या सुट्टीत चहा, आणि युमीच्या बाजूनं बोलायला माझ्याखेरीज आणखी एक जण तरी पाहिजे, नाव आधी कळवा.